बेटावरची उघडी दारं

तात्या कॉम्प्युटरमधल्या घरात शिरण्याआधी हाक मारतात.

"कोण हाय का घरात?"

परेडच्या मैदानावर शोभेल अशी हाक. मग थांबतात. आतून उत्तर येत नाही. ते येणारही नाही, कारण ते घर आमच्या मागच्या खोलीतल्या पडद्यावर आहे आणि ज्यांनी तो गेम बनवला त्यांनीच सुरुवातीला सांगून ठेवलंय की या बेटावर माणूस उरलेला नाही. तरी तात्या थांबतात, घसा खाकरतात, आणि मगच आत जातात. बाहेर आले की पुढचं घर, आणि पुन्हा तीच हाक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कुकर बंद करून पुढच्या दाराशी गेले होते, कुणी पाहुणे आले असतील म्हणून. आता जात नाही. परवा गॅसवाल्यानं बाहेरून हाक मारली तर मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "तात्या, जरा हळू." तो भरलेला सिलिंडर घेऊन परत गेला.

तात्या म्हणजे ह्यांचे धाकटे चुलते. गाव उंब्रज. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, गावी आले, उसाला पाणी पाजू लागले, आणि लवकरच काकींनी त्यांना घराबाहेर काढलं. भांडण वगैरे काही नाही. काकी फक्त म्हणाल्या की यांना कुठंतरी गेटवर उभं करा, यांचा जन्म त्यासाठी आहे. म्हणून ते कुपवाडला एका फौंड्रीच्या गेटवर सुपरवायझर झाले आणि खोली बघेपर्यंत म्हणून आमच्याकडं सांगलीत राहिले. मी याद्या करणारी बाई आहे. आमच्या फ्रिजच्या दारावर कायम एक यादी असते. त्यात मी तेव्हा लिहिलं, "तात्या – खोली बघणे." यादी बदलते, जुन्यातलं राहिलेलं नव्यात उतरतं. ती ओळ मी इतक्यांदा उतरवली आहे की आता हात आपोआप लिहितो. काकींना फोन केला तर त्या म्हणतात, "ठेव गं तिकडंच. गोठ्याचं दार लावलं का, माडीचं लावलं का, दिवसातनं धा वेळा इचारायचं. आता गोठा गप हाय, मी बी गप हाय."

दारांचं त्यांना वेड आहे, हे काकींनी मला आधी सांगितलं असतं तर मी विचार केला असता. तात्या उघडं दार बघू शकत नाहीत. मे महिन्यात सांगलीत जीव नकोसा होतो, वाऱ्याची झुळूक यावी म्हणून मी मागचं-पुढचं दार उघडं टाकते, आणि पाच मिनिटांत घराची भट्टी होते, कारण तात्या येऊन दोन्ही दारं लावून गेलेले असतात. कडी नाही घालत. नुसतं लोटून नीट बसवतात आणि हात फिरवून बघतात. मी भाजी काढत असताना फ्रिजचं दार लावतात. शेजारच्या देशमाने काकांचं फाटक लावून येतात, काका फाटकात स्कूटर घेऊन उभे असतानासुद्धा. फौंड्रीत तर प्रत्येक गाडीमागं गेट बंद करतात, मागची गाडी पुढचीला चिकटून उभी असली तरी. एकदा मालकाची गाडी आत आणि मालकाच्या मेहुण्याची बाहेर, मध्ये गेट. मेहुण्यांनी हॉर्न वाजवला. तात्यांनी खिडकीशी जाऊन त्यांना आपलं वाक्य ऐकवलं, "उघडं दार म्हंजे घराला शिवी." मग रीतसर गेट उघडलं.

हे वाक्य मला दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं ते विचारू नका. त्यांच्या खोलीत चहा घेऊन जायचं तर तिथलं दार लोटलेलं. माझ्या दोन्ही हातांत ट्रे. मी पायानं ढकलते. आतून लगेच, "पायानं दार उघडू नगंस." मग कसं उघडू, डोक्यानं? असं मी म्हणालेही आहे.

गेमचं खापर माझ्या मुलावर. तात्या गेटवरच्या लोखंडी रुळात अडकून पडले, पाय मोडला, प्लास्टर घातलं, आणि आमच्या घरात एक सुभेदार दिवसभर खाटेवर पडून सगळ्यांना हुकूम सोडू लागला. मुलगा ऋषी पुण्याला नोकरीला असतो. तो सुट्टीला आला, त्यानं तात्यांना मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हातात माऊस दिला. मला म्हणाला, "आई, चार दिवस शांतता मिळेल तुला." तो कॉम्प्युटर आमच्या कारखान्याचा आहे. आम्ही कुपवाडला पुठ्ठ्याची खोकी बनवतो, आणि बिलं, चलनं, कराची कामं मी घरी त्याच कॉम्प्युटरवर करते. शांतता मला एक दिवसही मिळाली नाही आणि कॉम्प्युटरही गेला.

गेमचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला बेट म्हणतो. ज्यांना हे गेम माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात पडद्यावर बाहुलं पळत नाही. तुम्हीच तो माणूस. त्याच्या डोळ्यांना दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. होडीतून तुम्ही एका बेटावर उतरता. तिथं एक गाव आहे, दगडी घरं, पाट, विहीर, पाणचक्की, आणि माणसं सगळी निघून गेलेली. कुठं गेली, का गेली ते घरोघर फिरून, चाकं फिरवून, पाणी वळवून, दिवे लावून शोधायचं. शेवटी धक्क्यावरचा मोठा दिवा पेटवायचा. तो बघून होडी येते, तुम्ही बसता, गेम संपला.

तात्यांचा पहिला राग पायांवरून. होडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी खाली बघितलं. खाली वाळू होती, पाय नव्हते.

"मंगल, इकडं ये. मी चालतोय कशावर?"

मी म्हटलं, गेम आहे तात्या, पाय दाखवत नसतील.

"हात दाखवत्यात. हात फुकट आन पायाला पैसं पडत्यात व्हय?"

स्वतःचा एक पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला हे लागणारच. त्या दिवसापासून त्यांनी बेटाची तपासणी सुरू केली, जशी बराकीची करतात तशी. आणि सायंकाळी जेवताना मला अहवाल. तात्या चांगल्याला चांगलं म्हणतात, हे मी कबूल करते. पण तेही रागावूनच म्हणतात. पाण्याचा आवाज लय भारी हाय, असं ताटावर मूठ आपटून सांगायचं. पाटाकडेनं चाललात की तो आवाज पातळ असतो, पाणी अडवलेल्या बंधाऱ्याजवळ गेलात की जाड होतो, आणि विहिरीत वाकलात तर आपल्याच कानाशी आल्यासारखा वाटतो. रहाट रिकामी बादली असली तर एका तऱ्हेनं कुरकुरतो आणि भरली असली तर वेगळ्या. "ज्यानं केलं त्यानं रहाट ओढलेला हाय. एसीत बसून हे हुईत न्हाई." संध्याकाळचं ऊन दगडी भिंतीवरून कसं खाली उतरतं ते बघायला त्यांनी मला पोळी तव्यावर असताना बोलावलं होतं. पोळी करपली. ऊन चांगलं होतं, हेही मान्य करते.

कोडी त्यांना आवडतात, कारण ती फसवत नाहीत. "सांगत न्हाई, पण लपवत बी न्हाई. डोळं उघडं ठिवलं की झालं." एका चक्कीत ते बरेच दिवस अडकून पडले होते. ऋषीनं फोनवर उत्तर सांगायचा प्रयत्न केला तर त्याला इतकं झापलं की तो पुढच्या रविवारी फोन उचलायला घाबरत होता. आणि सगळ्यांत मोठा गुण, जो ते पुन्हा पुन्हा सांगत, तो म्हणजे या गेममध्ये बंदूक नाही. एकही नाही. कुणाला मारायचं नाही, कुणी मारायला येत नाही.

दोषांची बाजू मात्र मोठी, आणि ती ऐकताना माझाच रक्तदाब वाढायचा. गुडघ्याएवढं कुंपण, पण ओलांडता येत नाही, अख्ख्या डोंगराला वळसा घालावा लागतो. "गुडघ्याएवढं. तुझ्या काकीनं बी वलांडलं आसतं." एका घरातून दहा फुटी शिडी उचलली की ती खिशात जाते. "खिशात शिडी? खिसा हाय का मालट्रक?" गाव आहे म्हणता, मग शेण कुठं आहे? गोठ्यात गव्हाण आहे, दावं आहे, शेणाचा एक पो नाही. खुर्च्या आहेत, पण बसता येत नाही. आणि घरोघरच्या वस्तू उचलता येतात, कंदील, हातोडी, दोरी, पण काम झाल्यावर परत ठेवता येत नाहीत. यावर तर ते भडकलेच होते. फौजेच्या स्टोअरचा नियम त्यांनी मला समजावून सांगितला. माल इश्यू झाला की जमा पण व्हायला हवा. बेटावर सगळं इश्यू, जमा काहीच नाही. "ही चोरी हाय. सरळ भाषेत चोरी."

आणि इतकी घरं फिरलो, कुणी गूळपाणी विचारलं नाही, असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, तात्या, गावात माणूसच नाही तर विचारणार कोण? ते म्हणाले, "ते बी खरं," आणि ताटावरून उठून आधी स्वयंपाकघराचं दार लावलं.

प्लास्टर निघालं. तात्या गेटवर परत गेले. मला वाटलं सुटले. पण सकाळची पाळी करून ते दुपारी यायचे, हातपाय धुऊन थेट मागच्या खोलीत. तोवर बेट जवळजवळ पुरं झालं होतं. गावाची सगळी गोष्ट उलगडली होती, पाणी हवं तिकडं वळलं होतं, फक्त धक्क्यावरचा दिवा पेटवायचा बाकी होता. एक कळ. तात्या रोज धक्क्यापर्यंत जायचे, दिव्यासमोर उभे राहायचे, आणि माघारी गावात फिरायचे. ऋषी म्हणाला, आजोबा, कळ दाबा, संपलं. दाबली नाही. मी म्हटलं, तात्या, मार्चअखेर आली, मला बिलं काढायचीत. ते म्हणाले, "व्हय, व्हय, झालंच." झालं काहीच नाही. मी यादीत लिहिलं, "कॉम्प्युटर मोकळा करून घेणे," आणि खाली लाल रेघ मारली.

अशातच एका रविवारी साताऱ्याहून माझी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जेवायला आले. दाजी मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. तात्यांचं गेमचं वेड त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून ते पेनड्राइव्हमध्ये त्यांच्यासाठी भेट घेऊन आले होते. मटण चुलीवरून उतरत होतं, ताटं मांडली होती, आणि दाजी मागच्या खोलीत तात्यांना सांगत होते की सुभेदारसाहेब, हे काय बायकांसारखं घरोघर फिरत बसलाय, तुमच्यासारख्याला शोभेल असं आणलंय. त्यांनी ते लावलं. मी त्यांना जेवायला बोलवायला तिकडं गेले होते, म्हणून मलाही दिसलं. यातही तुम्हीच तो माणूस, फक्त हातात बंदूक. एक गल्ली, दोन्ही बाजूला घरं. पडद्यावरच्या त्या माणसानं एका घराला लाथ घातली, दार मोडून आत पडलं, तो आत घुसला. यात पाय दिसला. लाथेपुरता.

दाजी म्हणाले, "बघा, कसा जोर आहे."

तात्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. माझा कॉम्प्युटर, असा मधेच बंद करतात का, हे माझ्या तोंडावर आलं होतं.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "दार लाथंनं उघडायचं नसतं."

आणि चपला घालून निघून गेले. जावई ताटावर बसायचे, आणि घरातलं वडीलधारं माणूस उपाशी निघून गेलेलं. पुढं काय झालं असेल ते कुणालाही कळेल. दाजींनी दोन घास खाऊन हात धुतला. नणंदेनं डोळ्याला पदर लावला आणि तोच पदर लावून मला म्हणाली की वहिनी, आमच्या माणसाची ही किंमत. आमचे हे बशीतल्या कांद्याकडं बघत बसले, त्यांना दुसरं येत नाही. पातेलंभर मटण उरलं. पाहुणे साताऱ्याला गेले ते डबा न घेता. आमच्याकडं पाहुणा डबा न घेता गेला की समजायचं, वर्षभर येणं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यातून आले ती ठरवूनच. कसलीही यादी नव्हती. मागच्या खोलीचं दार पायानं उघडलं. तात्या धक्क्यावर होते. बेटावर पाऊस सुरू होता.

मी म्हटलं, तात्या, आज हे संपवायचं. जावयाला ताटावरून उठवलंत, माझी बिलं अडलीत, आणि हे कशासाठी, एका खोट्या गावासाठी. दाबा ती कळ. तुमच्यानं होत नसेल तर मी दाबते. आणि मी माऊस घेतला.

त्यांनी कीबोर्डवर पंजा ठेवला. चिडून नाही. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून ठेवतात तसा.

"दारं उघडी हायत, मंगल."

"कुठली दारं?"

"गावची. सगळी. मी उघडली. उघडता येत्यात, लावता येत न्हाईत. त्यांनी सोयच केली न्हाई. दिवा लावला की मला होडीत बसवत्यात. ह्या पावसात घरं उघडी टाकून कसा जाऊ?"

मग मला खरंच राग आला. आवं तात्या, मी म्हणाले, ती घरं खोटी आहेत, तिथं कुणी राहत नाही, पाऊस पण खोटा आहे. कुणाचं काय भिजतंय?

तात्यांनी उठून मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसले. पुढचं ते नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत, म्हणून मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

सरहद्दीवर तंग होतं तेव्हाची गोष्ट. कुठल्या सरहद्दीवर ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गावं रिकामी करत होते. माणसं ट्रकमधून मागं नेली होती, आणि कुणी मागं राहिलंय का ते बघायला यांची तुकडी घरोघर फिरत होती. घाई होती. तात्या तेव्हा शिपाई होते, नवे. एका घराचं दार लागलेलं दिसलं, यांनी लाथ घातली.

"कडी नव्हती," तात्या म्हणाले. "नुसतं लोटलेलं व्हतं. हातानं ढकललं आसतं तरी उघडलं आसतं. हाक मारली आसती तरी चाललं आसतं. बिजागरी तुटली, दार आत पडलं."

आत कुणी नव्हतं. परातीत मळलेली कणीक होती, वरून ओलं फडकं टाकलेलं. घरातल्या बाईला वाटलं असणार, तासाभरात येऊ. तात्यांनी दार उचलून चौकटीला लावून बघितलं. राहीना. दगड टेकवून बघितला. तोवर शिट्टी झाली. ट्रक हलला तेव्हा त्यांना मागून दिसलं की दार पुन्हा पडलंय आणि दोन शेरडं आत चालली आहेत.

"ती माणसं परत आल्यावर काय म्हणाली आसतील," तात्या म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

मी विचारलं, काकींना ठाऊक आहे का हे?

"तिला कशाला. तिला वाटतंय मला नुसता चाळा हाय."

माझ्या हातात अजून माऊस होता. मी तो खाली ठेवला. आणि एक सांगते, माझा राग गेला नाही. माझा राग असा जात नाही. तो फक्त उठून दुसरीकडं गेला. मी त्या पडद्यावरच्या दाराकडं बघितलं आणि मला त्या गेम बनवणाऱ्यांचा संताप आला. आम्ही खोकी बनवतो. उघडतं पण मिटत नाही असं खोकं आमच्याकडून गेलं तर गिऱ्हाईक अख्खा माल माघारी पाठवतं, आणि बरोबर करतं. रहाटाचा आवाज भरल्या-रिकाम्या बादलीचा वेगळा करता येतो तुम्हाला, आणि दार लावता येत नाही?

मी तिथंच बसून कंपनीला मेल लिहायला घेतला. तात्या सांगतील आणि मी इंग्रजीत घालीन असं ठरलं. पहिलं भांडण तिथंच. मला आधी तक्रार लिहायची होती. तात्या म्हणाले, आधी गुण, मग दोष, माणसाच्या तोंडावर एकदम थुंकायचं नसतं. म्हणून आधी पाणी, रहाट, ऊन, न फसवणारी कोडी आणि नसलेली बंदूक. मग पाय, कुंपण, शिडी, जमा न होणारा माल. शेणाचं मी गाळलं. तात्यांनी विचारलं, शेण घेतलं का? घेतलं म्हणून सांगितलं, आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवून कुठं ते दाखवायला लावलं, तेव्हा ते घालावंच लागलं. शेवटी दारं. तिथं तात्या थांबले. मग म्हणाले, "लिही, दार लावायची सोय करावी, म्हंजे आमाला निघता येईल." एवढंच.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं. गोड होतं. लिहिणाऱ्यानं सुभेदारसाहेबांचे आभार मानले होते, रहाटाबद्दल तर फारच. त्याच्या आजोळी विहीर होती म्हणे. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हटलं नव्हतं? पुढं लिहिलं होतं की पाय आणि कुंपणाचं त्यांच्या ध्यानात आहे. दारं मात्र मुद्दाम तशी ठेवली आहेत. कुठलं घर बघून झालं, कुठलं राहिलं हे खेळणाऱ्याला कळावं म्हणून. आणि शिवाय, गोष्टीत ते गाव कायमचं सुटलेलं आहे, तिथं आता कुणी राहत नाही, त्यामुळं दारं उघडी राहिली तरी काही बिघडत नाही.

मी वाचून दाखवलं. तात्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग हात मागं बांधून उभे राहिले.

"लिही. खुणंसाठी दार उघडं ठिवायची गरज न्हाई. चौकटीवर खडूनं फुली मारावी. आमी तसंच करायचो."

मी लिहिलं.

"आन लिही. ती माणसं परत येणार न्हाईत, हे तुमाला कुणी सांगितलं?"

ते इंग्रजीत कसं घालावं मला सुचेना. म्हणून मी आधी मराठीतच टाइप केलं, त्यांच्या शब्दांत, आणि खाली इंग्रजी जोडलं. सही सुभेदारांची. पाठवलं.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी आठवण म्हणून पुन्हा पाठवते. भाषा सभ्य ठेवते, पण दर वेळी थोडी कमी. साताऱ्याला डबा घेऊन मी स्वतः जाऊन आले, नणंदेला काय सांगायचं तेवढं सांगितलं, दाजींना नाही. दाजी आता तात्यांना फोनवर रामराम घालतात, त्या पेनड्राइव्हचं नाव काढत नाहीत. बिलांसाठी मी जुना लॅपटॉप घेतला, तो स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर असतो. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. फ्रिजवरची यादी परवा नवी केली, तेव्हा तात्यांच्या खोलीची ओळ उतरवली नाही.

ते अजून दिवा लावत नाहीत. दुपारी येतात, बेटावर एक फेरी मारतात, हाक मारून प्रत्येक घरात डोकावतात, कुठं पाणी शिरलंय का बघतात. घरातली दारं लावणं तसंच चालू आहे आणि त्यावरून माझी भांडणंही. काल फ्रिजचं दार माझ्या बोटांवर लावलं. मी जे बोलायचं ते बोलले.

मग चहा केला. ट्रे घेऊन मागं गेले. दार लोटलेलं होतं. मी ट्रे बाहेरच्या स्टुलावर ठेवला.

"कोण हाय का घरात?"

आत माऊसचा आवाज थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हाय," तात्या म्हणाले. "ये, बाय. नुसतं लोट. कडी न्हाई."

मी हातानं लोटलं.